वाचकांचे प्रश्न: फॉर्मॅट मारायच्या आधी काय काय बाहेर काढायचं?

प्रश्न: नमस्कार सर, मी कराडजवळ घरातूनच डीटीपी आणि तीन-चार दुकानदारांचं टॅलीचं काम करते. कॉम्प्युटर असेंबल केलेला आहे, आय फाइव्ह सहाव्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. दिवाळीपासून मधेच हँग होतो, कधी निळी स्क्रीन येऊन आपोआप रीस्टार्ट होतो, कधी चालू व्हायलाच पंधरा मिनिटं घेतो. दुकानदार म्हणतो, ताई फॉर्मॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो, डेटा डीमध्ये टाकून ठेवतो, संध्याकाळी घेऊन जा. पण त्यात श्रीलिपीतल्या पत्रिका, दोन मंडळांच्या स्मरणिका, दुकानांचे हिशेब आणि मुलांचे लहानपणापासूनचे फोटो आहेत, आणि यातलं काहीच दुसरीकडे कुठे नाही. मला स्वतः बॅकअप घेऊन विंडोज टाकता येईल का? आणि नेमकं काय काय उचलून ठेवायचं? (एक वाचक, कराड)

उत्तर: ताई, येईल, नक्की येईल, पण आधी मशीन बंद करा आणि हे सगळं वाचून झाल्यावरच परत चालू करा. तुम्ही सांगताय ती लक्षणं विंडोज बिघडल्याची असू शकतात आणि हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असल्याचीही असू शकतात, आणि तसं असेल तर प्रत्येक वेळी चालू करताना थोडा थोडा डेटा कायमचा जातोय. म्हणून क्रम असा धरा की आधी डेटा बाहेर, मग बिघाड कुठे आहे ते शोधणं, आणि विंडोज टाकणं सगळ्यात शेवटी. दुकानात बऱ्याचदा याच्या बरोब्बर उलटं होतं, आधी फॉर्मॅट, आणि मग आठ दिवसांनी परत निळी स्क्रीन आली की कळतं की विंडोजला काही झालंच नव्हतं, रॅम खराब होती.

आणि ते "डीमध्ये टाकून ठेवतो" यावर अजिबात विसंबू नका. तुमच्याकडे डिस्क एकच आहे, म्हणजे सी आणि डी हे एकाच कपाटाचे दोन कप्पे, कपाटाला आग लागली तर दोन्ही जाणार. शिवाय विंडोज टाकताना पार्टिशनची (म्हणजे या कप्प्यांची) यादी समोर येते तेव्हा तिथे सी, डी असं काही लिहिलेलं नसतं, बहुधा नुसते नंबर आणि साइज असतात, घाईत चुकीच्या ओळीवर डिलीट दाबलं गेलं की संपलं.

दोन वस्तू विकत घ्या. एक म्हणजे बॅकअपसाठी एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क, आणि दुसरी म्हणजे तुमच्या मशीनला बसणारी अडीच इंची साटा एसएसडी, ५०० जीबीच्या आसपासची. माझा आग्रहच आहे की तुम्ही जुनी डिस्क फॉर्मॅट करूच नका, नवीन विंडोज नव्या एसएसडीवर टाका आणि जुनी डिस्क जशी आहे तशी काढून बाजूला ठेवा, म्हणजे काही विसरलं तर महिन्याभरानंतरही ती पॉवर अडॅप्टर असलेल्या यूएसबी टू साटा केबलने जोडून घेता येईल. ८ जीबी किंवा मोठे दोन पेनड्राइव्हही लागतील, ते मात्र रिकामे पाहिजेत कारण त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे.

आता डेटा कसा काढायचा. मशीन मधेच अडकतंय म्हणजे विंडोजमधून कॉपी करत बसलात तर अर्ध्यात बंद पडणार, म्हणून लिनक्स मिंट वापरा. घाबरू नका, ते इन्स्टॉल करायचं नाहीये. दुसऱ्या कोणाच्या तरी चांगल्या कॉम्प्युटरवर मिंटची फाइल डाउनलोड करून रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवायची, तो पेनड्राइव्ह आपल्या मशीनला लावून चालू करताना बूट मेनूची की दाबायची (मदरबोर्डप्रमाणे एफ ८, एफ ११ किंवा एफ १२ असते), आणि पेनड्राइव्ह निवडायचा. मिंट थेट पेनड्राइव्हवरून चालतं, तुमच्या डिस्कवर काही लिहीत नाही, फक्त डेस्कटॉपवर "इन्स्टॉल" म्हणून जो आयकॉन दिसेल त्याला हात लावायचा नाही. एक अडचण येऊ शकते, विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं त्यामुळे नेहमीसारखं शट डाउन केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही आणि मिंटमध्ये डिस्क उघडायला कुरकुर करते, तर शेवटचं बंद करताना शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा.

यात अजून एक फायदा आहे. मिंटमध्ये कॉपी चालू असताना लक्ष ठेवा. तिथेही मशीन हँग झालं किंवा आपोआप रीस्टार्ट झालं तर ते विंडोजमुळे नक्कीच नाही कारण विंडोज चालूच नाहीये, म्हणजे रॅम, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा), गरम होणं किंवा डिस्क यापैकी काहीतरी आहे. आणि बाकी सगळं छान चालतंय पण एखाद्याच फोल्डरवर येऊन कॉपी मिनिटभर थांबते, तर डिस्कचे सेक्टर (डेटा साठवायच्या जागा) गेलेत, ते फोल्डर सोडून द्या, बाकीचं आधी काढून घ्या आणि शेवटी त्याच्याकडे या. अशा डिस्कवर डेटा निघेपर्यंत चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवू नका, कोणी कितीही सांगितलं तरी, कारण दुरुस्तीच्या नादात ते मरत चाललेल्या डिस्कला वरपासून खालपर्यंत खरवडून काढतं.

काय काय उचलायचं? सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, ते अख्खंच्या अख्खं उचला, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स सगळं त्यातच असतं आणि ॲपडेटा नावाचं एरवी लपलेलं फोल्डरही. मग डीमधलं सगळं. जागा आहे तर निवडत बसू नका. २०० जीबी डेटा जुन्या यूएसबी २ पोर्टवरून जायला दोन तास तरी लागतात, निळ्या रंगाचा यूएसबी ३ पोर्ट असेल तर तो वापरा. वनड्राइव्ह चालू केलेलं असेल तर मात्र जपून, ज्या फाइलवर ढगाचं चिन्ह असतं ती फाइल खरी तुमच्या डिस्कवर नसतेच, नुसतं नाव असतं, ती वनड्राइव्हच्या वेबसाइटवर जाऊन उतरवून घ्यायची.

तुमच्या कामात जास्त धोका आहे तो फॉन्टचा, आणि याचा विचार सहसा कोणी करत नाही. श्रीलिपी, आयएसएमचे सुरेख वगैरे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा आकार देतो. तोच फॉन्ट नव्या विंडोजमध्ये नसेल तर तुमची पत्रिका उघडल्यावर नुसता कचरा दिसेल, डेटा शाबूत असूनसुद्धा. म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरच्या आतलं फॉन्ट्स हे फोल्डर पूर्ण कॉपी करा. श्रीलिपीची सीडी किंवा सेटअप, की नंबर, डोंगल (यूएसबीला लावायची लायसन्सची चावी) असेल तर तो, आणि पेजमेकर, कोरलड्रॉचे सेटअप आहेत का ते आत्ताच शोधा, फॉर्मॅटनंतर नाही. सॉफ्टवेअर ऑनलाइन ॲक्टिव्हेट केलेलं असेल तर जुन्या विंडोजमध्येच ते डीॲक्टिव्हेट करायची सोय आहे का बघा. आणि मशीन थोडा वेळ जरी नीट चालत असेल तर त्या स्मरणिकांच्या पीडीएफ काढून ठेवा, पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच बसलेला असतो त्यामुळे ती कुठेही उघडते. पुढच्या कामांसाठी मात्र शक्य तिथे युनिकोडवर या. मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोज १० मध्ये २०१९ पासून आतच दिलेला आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही.

टॅलीचं सोपं आहे पण विसरू नका. टॅलीप्राइमचा डेटा बहुतेक वेळा यूजर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये टॅलीप्राइम, त्यात डेटा, असा असतो, म्हणजे तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये नाही, म्हणून तो हमखास राहून जातो. जुन्या टॅली ईआरपी ९ वाल्यांचा बऱ्याचदा थेट सी ड्राइव्हमध्ये टॅलीच्या फोल्डरात. विंडोज जरा जरी चालत असेल तर टॅलीमधून प्रत्येक कंपनीचा बॅकअप घ्या, वर त्या डेटा फोल्डरमधले आकड्यांच्या नावाचे कंपन्यांचे फोल्डरही कॉपी करा, दोन्ही. टॅलीचा रिलीज नंबर कागदावर लिहून ठेवा कारण नव्या रिलीजचा डेटा जुन्या रिलीजमध्ये उघडत नाही. नवीन विंडोज टाकायच्या आधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या. जीएसटीसाठी डिजिटल सिग्नेचर वापरत असाल तर ती यूएसबी टोकनमध्येच असते, तिला काही होत नाही, नंतर फक्त टोकनचा ड्रायव्हर टाकायचा.

क्रोममधले बुकमार्क आणि पासवर्ड गूगल अकाउंटला सिंक आहेत का ते मोबाइलवर बघून खात्री करा. आउटलुक वापरत असाल तर पीएसटी फाइल शोधा, ती सहसा डॉक्युमेंट्समध्ये असते.

कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं मी मानत नाही. एक्स्टर्नल डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि फाइली उघडून बघा. जुना एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा, मुलांच्या वेगवेगळ्या वर्षांच्या फोल्डरमधले फोटो उघडा, टॅलीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर एज्युकेशनल मोडमध्ये (म्हणजे लायसन्सशिवाय चालणाऱ्या टॅलीत) रिस्टोअर करून मार्चअखेरचं बॅलन्स शीट येतंय का बघा. हे करायला एक संध्याकाळ जाते. आणि मुलांचे फोटो तरी आणखी एका जागी ठेवा, बहिणीकडे, माहेरी, क्लाउडवर, कुठेही, पण घराच्या बाहेर.

आता बिघाड शोधू. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं, निळं "गुड" असेल तर ठीक, पिवळं "कॉशन" आलं तर रीअलोकेटेड आणि करंट पेंडिंग सेक्टर या ओळी बघा, त्यांच्या "रॉ व्हॅल्यू"च्या रकान्यात शून्याव्यतिरिक्त काही असेल तर त्या डिस्कवर परत कधीच भरवशाचं काम ठेवू नका. रॅमसाठी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालू ठेवा, त्यात एक जरी एरर आली तरी ती एक फार झाली. आली तर प्लग काढून, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसून परत घट्ट बसवा आणि पुन्हा टेस्ट करा, तरीही एरर येत असेल तर रॅम बदला. निळ्या स्क्रीनवर खाली "मेमरी मॅनेजमेंट" असं आलं तर रॅमचा संशय पहिला, "व्हीया अनकरेक्टेबल एरर" आलं तर हार्डवेअरच समजा, विंडोज बदलून ते जाणार नाही. फोटो काढून ठेवत जा त्या स्क्रीनचा. निळी स्क्रीन न येता एकदम अंधार होऊन रीस्टार्ट होत असेल तर एसएमपीएस किंवा प्रोसेसरच्या फॅनमध्ये साठलेली धूळ. तुमच्याकडे लाइट जात-येत असेल आणि यूपीएस नसेल तर यूपीएस आधी, बाकी सगळं नंतर.

विंडोज टाकायचं त्या दिवशी जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. नुसती ती डिस्क निवडायची नाही एवढ्यावर भागवू नका, केबलच काढा. मशीनमध्ये फक्त नवीन एसएसडी असली की चुकीच्या डिस्कवर क्लिक होण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसरा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवा, ते त्यांच्याच साइटवर फुकट मिळतं, कोणाकडून "रेडीमेड" विंडोज घेऊ नका. प्रॉडक्ट की विचारली तर "माझ्याकडे की नाही" निवडून पुढे जा, मदरबोर्ड तोच आहे त्यामुळे आधीचं विंडोज खरं असेल तर इंटरनेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं, फक्त होम होतं की प्रो ते आधी सेटिंग्जमधल्या अबाउटमध्ये बघून तेच निवडा. आधीचं विंडोज ॲक्टिव्हेटर (लायसन्सशिवाय चालवायचा चोरटा प्रोग्रॅम) टाकून चालवलेलं असेल तर लायसन्स विकत घ्या. त्या ॲक्टिव्हेटरमधूनच व्हायरस येतात, आणि तुमच्या मशीनवर लोकांचे हिशेब आहेत. नेट चालू झालं नाही तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा (मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला द्या), मग मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून चिपसेट, लॅन, ग्राफिक्सचे ड्रायव्हर घ्या.

विंडोज १० की ११? तुमचा सहाव्या जनरेशनचा प्रोसेसर ११ च्या यादीत नाही, इंटेलमध्ये ती साधारण आठव्यापासून सुरू होते. आडमार्गाने ११ टाकता येतं पण अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून धंद्याच्या मशीनवर नको. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी जादा सिक्युरिटी अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे, सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये तिची नोंदणी होते, ती करा आणि तेवढ्या काळात नव्या मशीनसाठी पैसे बाजूला काढायला लागा. आत्ता घेतलेली एसएसडी नव्या मशीनमध्येही चालेल.

प्रश्न: माझा लॅपटॉप १२ व्या जनरेशनचा आहे, विंडोज ११. फार स्लो झाला म्हणून नव्याने टाकायला घेतलं तर डिस्कच दिसत नाही, यादी रिकामी येते. मित्र म्हणतो एसएसडी उडाली. दुसरं म्हणजे मधे बायॉस अपडेट केल्यावर निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची की मागत होता, ती कुठून आणायची? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: एसएसडी उडालेली नाही, जुनं विंडोज त्याच एसएसडीवरून चालू होतंय ना. ११ व्या जनरेशनपासून पुढच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर विंडोजच्या सेटअपमध्ये नसतो, म्हणून यादी रिकामी. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, तो उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि त्या यादीच्या खाली "लोड ड्रायव्हर" आहे तिथून दाखवा, डिस्क लगेच दिसेल. बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन व्हीएमडी बंद केली तरी दिसते, पण मग जुनं विंडोज चालू होत नाही, त्यामुळे बॅकअप राहिला असेल तर तो मार्ग घेऊ नकोस.

बिटलॉकर म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) ठेवणारी विंडोजची सोय, तिची की ४८ अंकी असते आणि ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला त्या अकाउंटमध्ये ऑनलाइन साठवलेली असते. मोबाइलवरून त्या अकाउंटला लॉगिन होऊन डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की बघ, स्क्रीनवर जो की आयडी दिसतो त्याच्याशी जुळणारी घे. हे आजच कर आणि वहीत लिहून ठेव, लॅपटॉप दुकानातून सेट करून घेतला असेल तर अकाउंट दुकानदाराचंसुद्धा असू शकतं, तसं निघालं तर लगेच स्वतःचं अकाउंट लावून की तिथे सेव्ह कर. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की होम एडिशनमध्येही हे एन्क्रिप्शन बऱ्याच मशीनवर न विचारता चालू होतं. की नसेल तर डिस्कमधलं कोणालाच काढता येत नाही, काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नकोस.

प्रश्न: दुकानात विंडोज टाकून आणलं आणि डेस्कटॉपवरचे सगळे फोटो गेले, त्यात आमच्या वडिलांचे शेवटचे फोटो होते. दुकानदार म्हणतो तुम्ही सांगितलं नाही. काही होऊ शकतं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: फार वाईट वाटलं वाचून. आधी सी ड्राइव्हमध्ये विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर आहे का बघा. दुकानदाराने पार्टिशन न पुसता वरूनच विंडोज टाकलं असेल तर जुनं सगळं त्यात असतं, यूजर्समध्ये जा, तुमचं जुनं नाव, डेस्कटॉप. हे फोल्डर साधारण १० दिवसांनी विंडोज स्वतःच पुसतं, त्यामुळे असेल तर आत्ताच पेनड्राइव्हवर काढा.

नसेल तर तो कॉम्प्युटर ताबडतोब बंद करा, एक फोटोही बघू नका, काही इन्स्टॉल करू नका, कारण नव्याने लिहिली जाणारी प्रत्येक गोष्ट जुन्या फोटोंच्या जागेवर बसू शकते. आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आशा आहे, ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फोटोरेक हे पुसलेले फोटो शोधणारं सॉफ्टवेअर चालवा, फुकट आहे, सापडलेले फोटो वेगळ्या डिस्कवर काढायचे, नावं जातात पण फोटो मिळतात, हजारो फाइलींतून शोधायची तयारी ठेवा. डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर सॉफ्टवेअर चालवू नका, डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्येच द्या. एसएसडी असेल तर मात्र खोटी आशा देत नाही, ट्रिम नावाच्या सोयीमुळे पुसलेली जागा आतून रिकामी होते आणि बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही.

त्याच वेळी दुसरीकडूनही शोधा. ते फोटो ज्या मोबाइलने काढले तो जुना फोन घरात कुठे पडलाय का, त्याचं मेमरी कार्ड, गूगल फोटोज, वनड्राइव्हचा रिसायकल बिन (तिथे ३० दिवस राहतात), आणि ज्या ज्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवले असतील त्यांचे फोन. प्रत्येकाला फोन करून विचारा, आणि आजच विचारा, लोक फोन बदलतात, चॅट पुसतात.